हेडफोन वारंवार निकामी होतो तेव्हा

संगणकाला जोडलेला हेडफोन वर्षा-दोन वर्षांत एकदा बिघडला, तर त्याची फारशी चौकशी न करता नवा आणणे हे व्यवहाराला धरूनच आहे. परंतु एक बिघडला म्हणून दुसरा आणावा, दुसऱ्याचा डावा कान महिन्याभरात मुका व्हावा, आणि दुकानदाराने हमीच्या मुदतीत बदलून दिलेला तिसराही त्याच वाटेने जावा, असा अनुभव ज्या घरात किंवा कचेरीत येतो, तेथे सारा दोष हेडफोनच्याच माथी मारणे न्यायाचे होत नाही. अशा प्रसंगी कोणी म्हणतो, हल्लीचा मालच हलका. कोणी म्हणतो, आमचा संगणक हेडफोन जाळतो. दोन्ही गोष्टी क्वचित खऱ्याही असतात. पण पुराव्यावाचून केलेला फैसला ग्राह्य धरता येत नाही, आणि येथे तर पुरावा आपल्या कपाटातच पडलेला असतो: ते निकामी झालेले हेडफोन. माझी पहिली विनंती हीच आहे, की ते फेकून देऊ नका. ध्वनिमुद्रिते ऐकून मजकूर उतरवून काढणारे, दूरस्थ वर्गात शिकणारे आणि शिकवणारे, दिवसभर ग्राहकांशी बोलणारे, अशा ज्यांची उपजीविका वा विद्याभ्यास या उपकरणावर अवलंबून आहे, त्यांच्यासाठी त्या जुन्या हेडफोनांची एकत्र तपासणी ही नव्या खरेदीपेक्षा अधिक मोलाची आहे.

प्रथम संगणक हेडफोन जाळतो या समजुतीची शहानिशा करू. हेडफोनच्या प्रत्येक कानात एक पातळ पडदा असतो, त्या पडद्याला अतिशय बारीक तारेचे एक वेटोळे चिकटवलेले असते, आणि ते वेटोळे एका चुंबकाच्या फटीत लोंबत राहते. वेटोळ्यातून ध्वनीचा विद्युत्प्रवाह गेला की पडदा मागेपुढे हलतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. सामान्य हेडफोनचा विद्युत्विरोध बहुधा १६ ते ३२ ओहम असतो, स्टुडिओत वापरल्या जाणाऱ्या काहींचा २५० किंवा ६०० ओहमही असतो. संगणकाच्या जॅकमधून बाहेर पडणारा ध्वनिसंकेताचा विद्युत्दाब साधारण एक-दोन व्होल्टांचा असतो, आणि एवढ्या शक्तीने सुस्थितीतील हेडफोन जळून जाण्याचा संभव फार थोडा. जळण्याच्या घटना घडतात त्या बहुतांशी निराळ्या कारणांनी: कोणी तरी हेडफोन थेट मोठ्या अँप्लिफायरच्या स्पीकरसाठी असलेल्या टोकांना जोडतो, किंवा संगणकातील ध्वनीचा विभाग स्वतःच बिघडून ध्वनीऐवजी एकाच दिशेचा स्थिर विद्युत्दाब बाहेर सोडू लागतो. या दुसऱ्या प्रकाराकडे पुढे वळूच. परंतु आरंभीच त्याचा संशय धरून बसण्याचे कारण नाही.

तपासाची पद्धती आपल्या न्यायशास्त्राने पूर्वीच सांगून ठेवली आहे. कारण असताना कार्य दिसते का आणि कारण काढून घेतल्यावर कार्य नाहीसे होते का, हे दोन्ही अंगांनी पाहायचे, म्हणजेच अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही साधायचे. निकामी म्हणून बाजूला ठेवलेला हेडफोन दुसऱ्या एखाद्या यंत्राला लावून पाहावा. २०१६ नंतर पुष्कळ मोबाइलमधून साडेतीन मिलिमीटरचा जॅक नाहीसा होत गेल्यामुळे मोबाइल उपयोगी पडला नाही तर शेजाऱ्यांचा लॅपटॉप, दूरचित्रवाणी संच किंवा जुना रेडिओही चालेल. नंतर सुस्थितीत असल्याची खात्री असलेला दुसरा हेडफोन त्या संशयित संगणकाला लावून पाहावा. पहिला हेडफोन दुसरीकडे नीट वाजला तर तो निकामी नाहीच, दोष संगणकाच्या जॅकमध्ये किंवा मांडणीत आहे. दुसरीकडेही मुका राहिला तर दोष त्याच्या स्वतःच्या अंगात आहे, मग तो कोणी निर्माण केला हा पुढचा प्रश्न. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे पथ्य मात्र कटाक्षाने पाळले पाहिजे. हेडफोनही बदलला, जॅकही बदलला आणि त्याच दमात संगणक पुन्हा सुरूही केला, तर आवाज आला तरी तो कशाने आला याचा पत्ता लागत नाही.

मृत समजले गेलेले कित्येक हेडफोन या पहिल्याच कसोटीत जिवंत निघतात. संगणकाने आवाज भलतीकडेच पाठवलेला असतो. मॉनिटर एचडीएमआयच्या केबलने जोडला की विंडोज कधी कधी त्यालाच ध्वनीचे मुख्य ठिकाण ठरवून बसते, आणि त्या मॉनिटरला स्पीकर नसेल तर सर्वत्र शांतता पसरते. घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर उजवी क्लिक करून साउंड सेटिंग्ज उघडावीत, आवाज कोठे जातो आहे ते पाहावे, आणि डाव्या-उजव्या कानांचा समतोल एका बाजूला सरकलेला नाही याचीही खात्री करून घ्यावी. लिनक्स वापरणाऱ्यांनी अल्सामिक्सर उघडून हेडफोनच्या पट्टीखाली मूक अवस्थेची 'एमएम' ही खूण नाही ना ते पाहावे. यूएसबीचा हेडफोन काही काळ वाजून आपोआप गप्प होत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट या पानावर, वीज वाचवण्यासाठी संगणकाला हे उपकरण बंद करू देणारी जी चौकट असते, तिच्यातील खूण काढून टाकावी. ब्लूटूथचा हेडफोन गाणे चांगले ऐकवतो आणि बैठकीत बोलू लागताच त्याचा आवाज एकाएकी पातळ व घोगरा होतो, तो बिघाड नव्हे. मायक्रोफोन सुरू झाला की तो संगीताची मांडणी सोडून दूरध्वनीच्या मांडणीवर जातो, म्हणून बोलण्यासाठी वेगळा मायक्रोफोन वापरावा. यूएसबी ३ च्या जलद जोडण्यांतून निघणारा विद्युत् गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात चालते, त्यामुळे ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर बाहेरच्या हार्ड डिस्कच्या शेजारच्या पोर्टमध्ये खोचला की आवाज तुटतो. तो दुसऱ्या बाजूला हलवला तरी पुष्कळदा काम भागते.

आता खऱ्या अर्थाने निकामी झालेल्या हेडफोनांकडे येऊ. ते सगळे टेबलावर ओळीने ठेवावेत आणि प्रत्येकाच्या बाबतीत कोणता कान गेला, केव्हा गेला, तार हलवली की आवाज परत येतो का, याची कागदावर नोंद करावी. या नोंदीतच बहुधा सारे प्रकरण उलगडते. तिन्ही हेडफोनांची तार पिनेपासून दोन-तीन बोटांच्या अंतरातच तुटली असेल, तर दोष हेडफोनचा नाही, संगणकाचाही नाही. तो आपल्या बसण्या-उठण्याच्या व्यवस्थेचा आहे. दर वेळी उजवाच कान गेला असून तार मात्र अखंड असेल, तर जॅककडे आणि त्यामागच्या विजेकडे लक्ष वळवावे. आणि तुटण्याच्या जागा, काळ, प्रकार सारेच वेगवेगळे असतील, तर मात्र माल हलका असल्याचा आरोप विचारात घेण्याजोगा ठरतो.

तारेच्या अंतरंगाची थोडी ओळख करून घेणे येथे आवश्यक आहे, कारण बहुतेक तक्रारींचे मूळ तेथेच सापडते. हेडफोनची तार ही घरातल्या विजेच्या तारेची लहान आवृत्ती नव्हे. तिच्यात तांब्याचे अतिशय बारीक तंतू एका कृत्रिम धाग्याभोवती गुंडाळलेले असतात, आणि प्रत्येक तंतूवर रंगीत लाखेसारखा रोधक लेप असतो. तार लवचीक व हलकी राहावी म्हणून ही रचना करतात. पत्र्याची पट्टी एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तिचा तुकडा पडतो, त्याच न्यायाने हे तंतू, जेथे ताठ पिन संपते आणि मऊ तार सुरू होते नेमक्या त्या जागी, एकेक करून तुटत जातात. काही तंतू शिल्लक असतात तोवर आवाज येतो-जातो, खरखरतो, तार विशिष्ट कोनात धरली की नीट होतो. शेवटचा तंतू तुटला की कायमचा थांबतो. तारेवरचे आवरण मात्र अभंगच दिसते, आणि त्यामुळेच हेडफोन आपोआप गेला असा ग्रह होतो.

या बिघाडाचा एक प्रकार फार चकवणारा आहे. पिनेवर तीन भाग असतात: टोक डाव्या कानाचे, मधले कडे उजव्या कानाचे, आणि बुडाचा लांब भाग दोहोंच्या सामाईक परतीच्या तारेचा. ही सामाईक तार तुटली, की दोन्ही कान एकामागे एक असे जोडले जातात आणि त्यांतून केवळ डाव्या व उजव्या ध्वनीतील फरक ऐकू येतो. परिणाम असा होतो, की अलीकडच्या चित्रपटगीतात गायकाचा आवाज, जो दोन्ही बाजूंना सारखाच मुद्रित केलेला असतो, तो जवळजवळ नाहीसा होऊन मागची वाद्ये व घुमणारा प्रतिध्वनी तेवढा उरतो. आणि १९५० च्या दशकातले एकाच वाहिनीत मुद्रित झालेले जुने गीत लावले तर सर्वस्वी निःशब्दता अनुभवास येते, कारण तेथे दोन बाजूंत फरकच नसतो. जुने गीत मुके आणि नवे गीत पोकळ, अशी कैफियत कोणी मांडली तर सामाईक जोडणी तुटली आहे असे बव्हंशी खात्रीने सांगता येते.

नेमके हेच लक्षण चार भागांच्या पिनेमुळेही दिसते. मोबाइलबरोबर येणाऱ्या हेडफोनच्या पिनेवर मायक्रोफोनसाठी चौथा भाग असतो, आणि संगणकाच्या मागील हिरवा जॅक तीनच भागांसाठी बनवलेला असतो; पिन आत किंचित कमी-अधिक बसली की सामाईक संपर्क हुकतो. पिन केसभर मागे ओढल्यावर गायकाचा आवाज परत आला, तर हेडफोन निर्दोष आहे असे समजावे आणि चार भागांची पिन हिरव्या व गुलाबी अशा दोन जॅकांत विभागणारी छोटी जोडवायर आणावी. एकाच जॅकमध्ये हेडफोन व मायक्रोफोन दोन्हींची सोय असलेल्या लॅपटॉपला हा त्रास होत नाही.

मल्टिमीटर जवळ असेल तर तर्काची गरजच उरत नाही. मीटर ओहमच्या लहान श्रेणीवर ठेवून एक टोक पिनेच्या बुडाला आणि दुसरे अग्राला लावावे; ३२ ओहमचा हेडफोन तीसच्या आसपास आकडा दाखवतो आणि कानात हलकीशी टिक ऐकू येते. मग दुसरे टोक मधल्या कड्याला लावावे. दोन्ही कानांचे आकडे जवळजवळ सारखे असले पाहिजेत. चार भागांच्या प्रचलित पिनेवर सामाईक भाग बुडाचा नसून त्याच्या वरचा असतो, हे ध्यानात ठेवावे. मीटर अनंत दाखवत असेल तर परिपथ तुटलेला आहे, शून्याच्या जवळ दाखवत असेल तर तारा आतल्या आत चिकटल्या आहेत. याच अवस्थेत तार प्रथम पिनेजवळ, मग दोन फाटे फुटतात तेथे, मग कानाच्या कपात शिरते तेथे, अशी क्रमाने हलवत जावे. जेथे आकडा उसळतो तेथे तुटलेली जागा सापडली.

तार का तुटते याचे उत्तर बहुधा टेबलाखाली असते. ज्याला आपण सीपीयू म्हणतो ती पेटी जमिनीवर, पायांशी ठेवलेली असते. पुढच्या बाजूच्या जॅकमध्ये खोचलेली पिन गुडघ्याच्या उंचीवर बाहेर आलेली असते. तार खुर्चीच्या हातावरून जाते, आणि बसणारा चहासाठी उठला की हेडफोन गळ्यात तसाच राहून सगळा ताण त्या दोन बोटांच्या जागेवर पडतो. खुर्चीची चाके तारेवरून जातात ती निराळीच. मजकूर उतरवून काढणाऱ्या एका परिचित बाईंचे हेडफोन असे वरचेवर जात असत, आणि त्यांनी महागातला महाग हेडफोन घेऊनही त्यात फरक पडला नव्हता. पेटी टेबलावर चढवली, तार टेबलाच्या कडेला एका सैल वेटोळ्यात पट्टीने बांधली, आणि हेडफोन व संगणक यांच्यामध्ये एक हातभर लांबीची स्वस्त जोडवायर घातली, त्यानंतर ती तक्रार संपली. या जोडवायरीचे महत्त्व मी आवर्जून सांगतो. ताण आला तर हेडफोन तुटण्याऐवजी ती सुटते, झिजायचे झाले तर तीच झिजते, आणि ती बदलणे सर्वांना परवडते. काम संपल्यावर तार हेडफोनभोवती करकचून गुंडाळणे सोडून द्यावे, आणि पिन काढताना तारेला न ओढता पिनेच्या मुठीला धरून काढावी.

जॅकचीही तपासणी करावी. आत लहान स्प्रिंगपट्ट्या असतात, त्यांतली एक पिन आत आल्याची वर्दी संगणकाला देते. ती सैल झाली की पडद्यावर हेडफोन जोडला, काढला, पुन्हा जोडला अशा सूचना विनाकारण झळकू लागतात. पेटीच्या पुढचा जॅक एका छोट्या पट्टीवर असून तेथून एक लांब तार मदरबोर्डकडे जाते. ती तार ढिली होते, आणि वाटेत इतर भागांचा गोंगाटही गोळा करते. म्हणून पुढच्या जॅकमध्ये त्रास असेल तर मागचा हिरवा जॅक वापरून पाहावा. मुंबई, कोकण आणि गोवा या दमट पट्ट्यात पावसाळ्यानंतर संपर्कांवर गंज व मळ साचून खरखर सुरू होते. संगणक बंद करून, त्याचा विजेचा प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या बारीक काडीने जॅक पुसावा आणि पूर्ण वाळू द्यावा. शिवणयंत्राचे तेल घालणे किंवा टाचणीने खरवडणे, हे दोन्ही उपाय जॅकचा नाश करणारे आहेत.

दुरुस्ती करावी की नवा घ्यावा? हमीची मुदत शिल्लक असेल तर तार कापण्यापूर्वी दुकानदाराकडे दाद मागावी, आणि पावतीचे छायाचित्र खरेदीच्या दिवशीच काढून ठेवावे, कारण उष्णतेने छापलेल्या पावतीवरील अक्षरे वर्षभरात पुसट होतात. मुदत संपली असून कान शाबूत असतील तर नवी पिन बसवणे श्रेयस्कर. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत या पिना थोडक्या पैशांत मिळतात. तंतूंवरचा रंगीत लेप तापलेल्या सोल्डरिंग लोहाने जाळल्याशिवाय जोड पकडत नाही. घरी केलेली दुरुस्ती फसते ती बहुधा एवढ्याच कारणाने. तांबडी तार साधारणपणे उजवी, हिरवी वा निळी डावी, आणि तांब्याच्या रंगाची सामाईक असते, तरी मीटरने खात्री करून मगच जोडावी. नवा घेताना तार काढता-घालता येणारा हेडफोन निवडावा, हे माझे स्पष्ट मत आहे. आणि एक कान मंद झालेला हेडफोन आवाज वाढवून रेटत राहू नये. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगितली आहे, आणि खराब हेडफोनवर काम करणारा ती नकळत ओलांडतो.

वर सांगितलेली स्थिर दाबाची शंका उरली असेल, म्हणजे तार अखंड असून एकाच बाजूचे वेटोळे पुन्हा पुन्हा जात असेल, तर जुनी पिन तारेसह कापून जॅकमध्ये घालावी आणि कोणताही आवाज वाजत नसताना, मीटर डीसी व्होल्टवर ठेवून, सामाईक व डाव्या, मग सामाईक व उजव्या तारेतील दाब पाहावा. तो काही मिलिव्होल्टांपलीकडे जाता कामा नये. ३२ ओहमच्या वेटोळ्यावर ५ व्होल्टांचा स्थिर दाब पडला तर पाऊण वॉटहून अधिक उष्णता निर्माण होते, आणि कानात घालायच्या लहान हेडफोनला ती बहुधा सोसत नाही. असा दोष आढळला तर त्या जॅकचा वापर त्याच दिवशी थांबवावा. काही शे रुपयांचे यूएसबीचे ध्वनी-उपकरण लावले की मदरबोर्ड न बदलताही काम चालते.

सर्वांत गंभीर गोष्ट शेवटी सांगतो, कारण तिचा संबंध हेडफोनच्या किमतीशी नसून माणसाच्या जिवाशी आहे. हेडफोनमधून सतत गुणगुण ऐकू येते, पिनेला किंवा डोक्यावरच्या धातूच्या पट्टीला हात लावला की मुंग्या येतात, आणि पंखा किंवा फ्रीज चालू-बंद होताच कानात फटका बसतो, असे होत असेल तर घरातील अर्थिंग तपासण्याची वेळ आली आहे. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या विभागात, गोंगाट शोषण्यासाठी फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांपासून धातूच्या पेटीकडे लहान कपॅसिटर जोडलेले असतात. त्यांतून येणारा अत्यल्प प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा अशी योजना असते. ती तार जोडलेली नसेल तर पेटी २३० व्होल्टांच्या निम्म्या, म्हणजे ११५ व्होल्टांच्या आसपासच्या दाबावर राहते, आणि हेडफोनची सामाईक तार त्या पेटीशीच जोडलेली असल्याने तो दाब थेट आपल्या कानापर्यंत पोचतो. एरवी हा प्रवाह मिलिअँपिअरचा अंशमात्र असून केवळ मुंग्या आणतो. परंतु एसएमपीएसमध्ये खरोखरच बिघाड होऊन फेजची तार पेटीला चिकटली, तर अर्थिंगच्या अभावी ना फ्यूज उडतो ना प्रवाहाला दुसरी वाट मिळते, आणि वाट उरते ती माणसाच्या शरीराची.

आपल्याकडे ही स्थिती दुर्मीळ नाही. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन तोडून तो दोन छिद्रांत बसवणे, तिसरे छिद्र नुसते दाखवायला असलेला आणि आत तारच न जोडलेला एक्स्टेन्शन बोर्ड वापरणे, जुन्या इमारतींतून अर्थिंगची तार गंजून तुटलेली असणे, हे सर्व नित्य पाहण्यात येते. लॅपटॉप असेल तर एक सोपी परीक्षा आहे: चार्जर काढून बॅटरीवर चालवावा, गुणगुण आणि मुंग्या तत्क्षणी थांबल्या तर त्या चार्जरच्या वाटेनेच येत होत्या. सॉकेटमधील दाबाची मोजणी मात्र घरच्या घरी न करता परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी, आणि त्याने अर्थिंगच्या छिद्रात न्यूट्रलचीच तार जोडून वेळ मारून नेण्याची तजवीज सुचवली तर ती ठामपणे नाकारावी, कारण न्यूट्रल कोठे तरी तुटताच पेटीवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. त्याच भेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. हे काम पुरे होईपर्यंत त्या संगणकाला तारेचा हेडफोन लावू नका, आणि घरातील मुलांनाही लावू देऊ नका.